सुलावेसीचे बिनपंखी भुंगेरे

तांदूळ निवडताना ताटात एखादा बारीक, काळपट किडा चालताना दिसतो. डोक्यापुढे सोंडेसारखा लांबट भाग असलेला हा किडा म्हणजे सोंडा. घरोघरी त्याला शिव्याच मिळतात. पण सोंडकिड्यांचा गट हा भुंगेऱ्यांमधील एक अतिशय मोठा गट आहे आणि त्यातील बहुसंख्य जातींना आपल्या धान्याशी काहीही कर्तव्य नाही. त्यांतील काही रानात राहणाऱ्या भाऊबंदांची ही हकिकत आहे.

इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर ट्रिगोनॉप्टेरस नावाचे सोंडकिडे आढळतात. ट्रिगोनॉप्टेरस हे प्रजातीचे नाव आहे. जवळच्या नात्यातील अनेक जाती मिळून एक प्रजाती होते, हे तुम्हांला ठाऊक असेलच. या प्रजातीतील सुलावेसीची एक जात 1885 साली शास्त्रज्ञांनी नोंदवली आणि मग 134 वर्षे सामसूम! 2019 साली अलेक्झांडर रीडेल व रादेन प्रमेसा नाराकुसुमो या दोघांनी एकाच प्रबंधात तेथील 103 नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले.

आता विचारा, हे भुंगेरे 2019 साली कोठून आले? अर्थात ते तेथेच होते. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा थोर निसर्गशास्त्रज्ञ 1856 मध्ये या बेटावर आला होता. मलाय द्वीपसमूहातील आपल्या भटकंतीत त्याने 83,000 हून अधिक भुंगेरे गोळा केले. पण आपले हे भुंगेरे जेमतेम दोनतीन मिलिमीटर लांब. झाडाझुडपांत नाहीतर जमिनीवरच्या कुजक्या पाल्यात राहणारे. पाचोळा चाळणीने चाळून खाली पडलेला चुरा पांढऱ्या कापडावर बारकाईने पाहावा, तेव्हा कोठे ते हाती लागतात.

हाती लागला म्हणजे शोध लागला, असे मात्र नाही. खरे काम पुढेच असते. हा किडा पूर्वी कोणी नोंदवला आहे का, हे संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांशी ताडून पाहावे लागते. त्यातही या प्रजातीतील कित्येक जाती दिसायला इतक्या सारख्या की सूक्ष्मदर्शकाखालीही चकवा बसावा. म्हणून पेशींतील तंतुकणिकांमध्ये असणाऱ्या एका जनुकाचा आधार घेतात. त्यातील घटकांचा क्रम दोन नमुन्यांत बराच वेगळा निघाला, तर पुन्हा शरीराकडे वळून फरक शोधायचा. शेवटी एक नमुना निवडून तो त्या नावाचा कायमचा साक्षीदार म्हणून संग्रहालयात ठेवायचा. पुढे कधी वाद उद्भवला तर त्याच नमुन्याकडे जायचे. आमच्या प्रयोगशाळेत प्रमाण वजने जपून ठेवतात, तसेच काहीसे!

शंभरावर नावे सुचणे हीदेखील सोपी गोष्ट नव्हे. सुलावेसीच्या यादीत वॉटसन व क्रिक यांची नावे आहेत, आणि चित्रकथांतील ॲस्टेरिक्स व ऑबेलिक्सही आहेत. एका हिरवट, लहानशा किड्याला चित्रपटातील योडाचे नाव मिळाले. न्यू गिनीतील 101 जातींचे वर्णन 2013 मध्ये झाले, तेव्हा तर तेथील टेलिफोन डिरेक्टरीतून आडनावे घेतली होती.

पण एकाच बेटावर इतक्या जाती का? या भुंगेऱ्यांना उडता येत नाही, हे त्याचे मोठे कारण. तीन मिलिमीटरच्या किड्याला दोन डोंगरांमधील दरी म्हणजे समुद्रच. एका डोंगराच्या जंगलातील किडे दुसऱ्या डोंगरावरच्या किड्यांत मिसळत नाहीत. हजारो पिढ्यांत लहान लहान बदल साठत जातात आणि अखेर दोन निराळ्या जाती होतात. त्यामुळे काही जातींचे सारे जग म्हणजे एखादा डोंगर. त्या डोंगरावरचे जंगल तुटले तर उडून दुसरीकडे जाण्याची सोय त्यांना नाही. आणि जिला नावच नाही, ती जात नाहीशी झाली हे कोणाच्या वहीत लिहिले जाणार? पाचोळा चाळणाऱ्यांची घाई आहे ती यासाठी.

मी भौतिकीचा शिक्षक. मला या प्रजातीची ओढ लागली ती एका वेगळ्याच कारणाने. न्यू गिनीत ट्रिगोनॉप्टेरस ऑब्लाँगस नावाची जात आहे. जर्मनीतील कार्ल्सरूहे येथील संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने तिच्या पायाच्या सांध्याची त्रिमितीय प्रतिमा तयार केली. माणसाच्या मांडीचा सांधा उखळीत गोळा बसवल्यासारखा असतो आणि पुष्कळ कीटकांचा बिजागरीसारखा. येथे मात्र चक्क नट आणि स्क्रू निघाले! पायाच्या बुडाच्या भागाला आतून आटे, आणि त्यात फिरणाऱ्या पुढच्या भागाला बाहेरून आटे. हा शोध 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. डाव्या व उजव्या पायांचे आटे आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटसुलट आहेत. पाय पूर्ण गरगर फिरत नाही. पुढचे पाय सुमारे 90 अंश तर मागचे सुमारे 130 अंश फिरतात. फांद्यापानांवर चढताना आधार शोधायला एवढे पुरते. शिवाय स्क्रूमुळे सांधा सहजासहजी निखळत नाही. उतरंड दंडगोलाभोवती गुंडाळली की स्क्रू होतो, हे तुम्ही साध्या यंत्रांच्या धड्यात शिकला आहातच.

या पायांचा आणखी एक उपयोग आहे. धक्का लागताच हे भुंगेरे पाय आवळून अंगाशी घट्ट बसवतात आणि मेल्यासारखे पडून राहतात. मग चाळलेल्या मातीत तो किडा आहे की बी, हे सांगणे कठीण. अशा वेळी कापडाशी थांबून राहायचे. थोड्या वेळाने त्यातले एखादे बी हळूच पाय काढते आणि चालू लागते.