घरच्या घरी ३० मिनिटांत ५०० कॅलरी बर्न? या आकड्याचा हिशोब एकदा करून बघा

इन्स्टाग्रामवर किंवा यूट्यूबवर हे वाक्य दिवसातून एकदा तरी समोर येतंच. "फक्त ३० मिनिटं, घरच्या घरी, ५०० कॅलरी बर्न." खाली कमेंटमध्ये लोक आपापल्या स्मार्टवॉचचे स्क्रीनशॉट टाकतात. कुणाचे ४२०, कुणाचे ५१०. अर्धा तास चटईवर घाम गाळल्यावर असा आकडा दिसला की भारी वाटतं. मग संध्याकाळी एक वडापाव जास्त झाला तरी चालतंय, आज व्यायाम केलाय, असंही वाटतं.

महिनाभराने वजनकाट्यावर उभं राहिलं तर काटा होता तिथेच. "आपल्या अंगाला काही लागूच पडत नाही" असं म्हणत चटई गुंडाळली जाते आणि कपाटामागे जाते ती जातेच.

पण अशा वेळी दोष बऱ्याचदा अंगाचा नसतो, आकड्याचा असतो. घरी केलेल्या व्यायामात कॅलरी किती जळतात याचा अंदाज कसा काढतात, तो कुठे फसतो आणि त्याचा वापर कसा करायचा, हे समजून घेऊ.

कॅलरी मोजतात तरी कशी?

बिस्किटाच्या पुड्यावर किंवा घड्याळात जी कॅलरी लिहिलेली असते ती खरं तर किलोकॅलरी. बोलताना सगळे तिला कॅलरीच म्हणतात, इथेही तेच धरूया.

शरीर अन्नातली साखर आणि चरबी ऑक्सिजनच्या मदतीने जाळतं. एक लिटर ऑक्सिजन वापरला गेला की साधारण ५ कॅलरी खर्च झाल्या असं धरतात. त्यामुळे प्रयोगशाळेत माणसाच्या तोंडावर मास्क लावतात, त्याला पळवतात आणि श्वासातून किती ऑक्सिजन वापरला गेला ते मोजतात. त्यावरून कॅलरीचा आकडा निघतो.

घरी हॉलमध्ये जोर-बैठका मारणाऱ्याच्या तोंडावर मास्क नसतो. म्हणजे घड्याळ असो, ॲप असो की व्हिडिओमधला ट्रेनर, तिघंही मोजत नाहीत. तिघंही अंदाज बांधतात.

मेट नावाची पट्टी

या अंदाजासाठी जगभर एक सोपं एकक वापरतात, त्याला मेट म्हणतात. शांत बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे १ मेट. एखादा व्यायाम ४ मेटचा आहे याचा अर्थ तो करताना बसण्याच्या चौपट ऊर्जा लागते.

१ मेट म्हणजे दर किलो वजनामागे तासाला साधारण १ कॅलरी. म्हणून हिशोब अगदी सोपा आहे:

कॅलरी = मेट × तुमचं वजन किलोमध्ये × वेळ तासांमध्ये

कुठल्या हालचालीला किती मेट, याची मोठी यादी अमेरिकेतल्या बार्बरा एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. तिचं नाव कम्पेंडियम ऑफ फिजिकल ॲक्टिव्हिटीज. पुढे २०००, २०११ आणि २०२४ मध्ये ती सुधारली गेली. २०११ च्या यादीतले घरच्या कामाचे काही आकडे असे:

- हठयोग: २.५
- सूर्यनमस्कार: ३.३
- घर झाडणं: ३.३
- मध्यम जोर लावून केलेला साधा व्यायाम: ३.८
- जोर, सिट-अप्स, जंपिंग जॅक दम लागेपर्यंत: ८
- दोरीच्या उड्या, मिनिटाला १०० ते १२०: ११.८

हो, सूर्यनमस्कार आणि झाडू मारणं एकाच ओळीत आहेत. अर्थात सूर्यनमस्कार किती वेगाने घालता त्यावर आकडा वरखाली होतो. बारा नमस्कार सावकाश श्वास घेत घातले आणि तेच बारा भराभर घातले, तर दम सारखा लागत नाही.

आता त्या ५०० कॅलरीचं बघू

समजा वजन ६० किलो आहे. अर्ध्या तासात ५०० कॅलरी जाळायच्या असतील तर व्यायाम किती मेटचा हवा? ५०० भागिले ६०, मग भागिले अर्धा तास. उत्तर येतं १६.७ मेट.

त्याच यादीत १६ मेटला काय आहे? ताशी सुमारे १७.७ किलोमीटर वेगाने धावणं. म्हणजे अर्ध्या तासात न थांबता जवळपास ९ किलोमीटर. हा सराव असलेल्या धावपटूंचा वेग आहे. दोन फरशांच्या जागेत जंपिंग जॅक करून तो गाठता येत नाही.

वजन १०० किलो असेल तर हेच गणित १० मेटवर येतं. ते अवघड आहे, पण अशक्य नाही. म्हणजे व्हिडिओवर लिहिलेला आकडा कुणाच्या वजनाचा आहे हे कळल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. तोच अर्धा तास, तोच ८ मेटचा व्यायाम, पण ५० किलोच्या माणसाच्या २०० कॅलरी जातात आणि ८० किलोच्या माणसाच्या ३२०. शेजारच्या ताईंचा स्क्रीनशॉट बघून आपला आकडा कमी आला म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही.

आकडा फुगतो तो तीन जागी

पहिली जागा म्हणजे मिनिटं. व्हिडिओ ३० मिनिटांचा असतो, व्यायाम तेवढा नसतो. सुरुवातीची बडबड आणि शेवटचं "सबस्क्राइब करा" यात पाच मिनिटं जातात. उरलेल्या २५ मिनिटांत ४० सेकंद व्यायाम आणि २० सेकंद विश्रांती. व्यायामाचे ४० सेकंद ८ मेटने आणि विश्रांतीचे २० सेकंद २ मेटने धरले तर सरासरी ६ मेट येते. ६० किलोच्या माणसासाठी २५ मिनिटांच्या १५० कॅलरी झाल्या. सरळ ३० मिनिटं आणि ८ मेट धरले असते तर २४० दिसल्या असत्या.

दुसरी जागा म्हणजे बसून राहिलात तरी जळणाऱ्या कॅलरी. हृदय, मेंदू, श्वास हे सगळं सोफ्यावर बसूनही चालूच असतं. त्या २५ मिनिटांत काहीच केलं नसतं तरी ६० किलोच्या माणसाच्या २५ कॅलरी गेल्याच असत्या. व्यायामामुळे जादा किती गेल्या हे हवं असेल तर मेटमधून १ वजा करायचा. १५० मधले उरले १२५. आपल्या उपयोगाचा आकडा हा.

तिसरी जागा म्हणजे ही पट्टीच थोडी सैल आहे. १ मेटला मिनिटाला दर किलोमागे ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन धरतात. हा आकडा मूळचा ४० वर्षांच्या, ७० किलोच्या एका पुरुषावरून आल्याचं सांगितलं जातं. २००५ मध्ये नुआला बर्न आणि सहकाऱ्यांनी ७६९ जणांचा विश्रांतीतला खर्च मोजला तेव्हा सरासरी २.६ मिलिलिटरच आली. शरीरात स्नायू किती आणि चरबी किती, वय काय, यावर हा खर्च बदलतो. त्यामुळे वय जास्त किंवा चरबीचं प्रमाण जास्त असेल तर सूत्राचं उत्तर बऱ्याचदा जरा मोठंच येतं.

मग स्मार्टवॉचवर विश्वास ठेवायचा का?

नाडीच्या ठोक्यांसाठी बऱ्यापैकी, कॅलरीसाठी जपून.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावर बांधायची सात यंत्रं ६० जणांवर तपासली. सातपैकी सहा यंत्रांनी ठोके मोजताना ५ टक्क्यांपेक्षा कमी चूक केली. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगल्या यंत्राची चूक सरासरी २७ टक्के होती आणि सगळ्यात वाईट यंत्राची ९३ टक्के. तेव्हापासून घड्याळं बदलली आहेत, पण मूळ अडचण तीच आहे.

घड्याळाला कळतात ते ठोके, हाताची हालचाल आणि तुम्ही भरलेलं वय, वजन, उंची. पण ठोके फक्त व्यायामानेच वाढत नाहीत. मे महिन्यातला उकाडा, नुकताच घेतलेला कडक चहा, ऑफिसचं टेन्शन, यानेही वाढतात. उलट प्लँक करताना हात जागचा हलत नाही, त्यामुळे मेहनत होऊनही घड्याळाला ती नीट दिसत नाही. आणि दोन वर्षांपूर्वी भरलेलं वजन तसंच असेल तर चूक तिथूनच सुरू होते.

घामाचाही कॅलरीशी थेट संबंध नाही. व्यायामानंतर लगेच काट्यावर अर्धा किलो कमी दिसला तर ते पाणी आहे, दोन ग्लास प्यायलं की परत येतं. "व्यायामानंतरही तासन् तास चरबी जळत राहते" या दाव्यात थोडं तथ्य आहे, पण तो वाटा त्या व्यायामात गेलेल्या कॅलरीच्या साधारण ६ ते १५ टक्के असतो. १५० कॅलरीवर तो होतो ९ ते २३.

याने बिघडतं काय?

आकडा जरा जास्त दिसला तर दिसला, असं वाटेल. तो आकडा बघून खाल्लं तर मात्र बिघडतं.

घड्याळाने ३०० दाखवल्या, खऱ्या जादा गेल्या १२५, आणि बक्षीस म्हणून ३०० चं काहीतरी खाल्लं. म्हणजे व्यायाम करूनही रोजच्या १७५ कॅलरी वाढल्या. महिन्याच्या झाल्या ५,२५०. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी धरतात. मेहनत करून वजन का वाढलं याचं उत्तर बऱ्याचदा या वजाबाकीत सापडतं.

दुसऱ्या बाजूनेही बघा. एक छोटा चमचा तेल म्हणजे साधारण ४० कॅलरी, एक छोटा चमचा साखर म्हणजे साधारण २०. १२५ कॅलरी म्हणजे फोडणीतले तीन चमचे तेल. नुसत्या व्यायामाने एक किलो चरबी उतरवायची तर असा २५ मिनिटांचा व्यायाम साठ-बासष्ट वेळा करावा लागेल. त्यामुळे वजन उतरवायचं असेल तर ताटाकडे बघावंच लागतं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी तर घड्याळाच्या आकड्यावरून खाणं किंवा औषध कमी-जास्त करूच नये, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

घरच्या घरी बरा अंदाज कसा काढायचा?

१. आजचं वजन घ्या. वजन उतरलं की तोच व्यायाम कमी कॅलरी जाळतो, म्हणून महिन्याला एकदा बदला.

२. मिनिटं खरी मोजा. पाणी प्यायला, फोन बघायला थांबलात ते सोडून द्या.

३. मेट ठरवताना बोलून बघा. व्यायाम करताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर तो मध्यम, म्हणजे ३ ते ६ मेट. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, तर ६ च्या वर.

४. मेटमधून १ वजा करा, मग वजनाने आणि तासांनी गुणा.

५. उत्तर एक आकडा म्हणून नाही, पट्टा म्हणून धरा. १२५ आलं तर "१०० ते १५०" म्हणा.

घड्याळ फेकून द्यायची गरज नाही. तेच घड्याळ, तोच व्यायाम आणि तोच माणूस असेल तर त्याची चूकही बरीचशी सारखीच राहते. त्यामुळे मागच्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात जास्त हालचाल झाली का, हे ते ठीक सांगतं. फक्त त्या आकड्याला खाण्याचं कूपन समजू नका.

आणि १२५ हा आकडा छोटा वाटला म्हणून चटई गुंडाळूही नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करायला सांगतात. त्यात कॅलरीचं नाव नाही, मिनिटांचं आहे. हृदय, रक्तातली साखर, झोप, गुडघ्यातलं बळ यांचा फायदा घड्याळात दिसत नाही, पण तो होत असतो. आणि मिनिटं मोजायला अंदाज लागत नाही, भिंतीवरचं साधं घड्याळ पुरतं.