सांध्यांत पोहोचणारे चुकीचे निरोप

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात हातांना उसंत अशी नसतेच. भाताची लावणी, चिकूची तोडणी आणि प्रतवारी, किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणे, हे सारे बोटांच्या बळावर चालते. म्हणूनच बोटे दुखू लागली की ‘कामाने दुखत असतील’ असे म्हणून घरातील बाई दुखणे अंगावर काढते. बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु दुखण्याची एक तऱ्हा निराळी आहे आणि ती ओळखण्यास उशीर झाला, तर झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही.

कामाचे दुखणे विश्रांतीने उतरते. आमवात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, याच्या उलट वागतो. रात्रभर झोप झाल्यावरही सकाळी बोटे आखडलेली असतात, मूठ वळत नाही आणि हा ताठरपणा तासभर किंवा त्याहूनही अधिक काळ टिकतो. बोटांची पेरे आणि मनगटे, बहुधा दोन्ही हातांची, सुजतात. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट अधिक आढळतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून केलेल्या पाहणीत प्रौढांमध्ये आमवाताचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के, म्हणजे दोनशे जणांत एक, असे दिसले. तेव्हा हा केवळ शहरी आजार नव्हे.

सांध्याच्या आत नेमके काय घडते? आपल्या प्रतिकारपेशी एकमेकींशी ‘सायटोकाइन’ नावाच्या रेणूंद्वारे बोलतात. हे रेणू म्हणजे शरीरातील निरोपे. जंतू शिरला की ते धोक्याची वर्दी देतात आणि काम झाले की शांत होतात. आमवातात शरीर स्वतःच्याच घटकांना परके समजते आणि ही वर्दी थांबतच नाही. टीएनएफ, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ हे त्यांतील प्रमुख निरोपे होत.

त्यांचा निरोप सांध्यातील पेशी निमूटपणे पाळतात. सांध्याचे मऊ, पातळ अस्तर जाड होऊन पसरू लागते आणि कूर्चा विरघळवणारी विकरे सोडते. कूर्चा घडविणाऱ्या पेशी आपले बांधकाम थांबवून उलट तिचीच मोडतोड करू लागतात. हाड झिजविणाऱ्या पेशींची संख्या वाढून हाडाच्या कडा कुरतडल्या जातात. इंटरल्युकिन-६ रक्तातून यकृतापर्यंत पोहोचते. त्यामुळे तपासणीत सीआरपी वाढलेले दिसते, थकवा येतो आणि रक्तही कमी होऊ शकते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. वेदनाशामक गोळी दुखणे आणि थोडी सूज कमी करते, पण हे निरोप थांबवत नाही. वेदना शमली तरी आत झीज सुरूच राहू शकते. नावगाव नसलेल्या पुड्यांनी चटकन आराम पडतो तेव्हा अधिक सावध व्हावे, कारण त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते.

निरोप अडविला तर आजार आवरतो, हे लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी १९९२ मध्ये टीएनएफ रोखणारे औषध रुग्णांना देऊन दाखविले. मात्र उपचाराची सुरुवात आजही बहुधा मेथोट्रेक्सेट या जुन्या, स्वस्त गोळीने होते. ती आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. आपल्या गावचा आठवडी बाजार ज्या वारी भरतो, तोच वार डॉक्टरांना विचारून गोळीसाठी ठरवावा, म्हणजे विसर पडणार नाही. या गोळीसोबत ताडी-दारू वर्ज्य, कारण दोन्हींचा भार यकृतावर पडतो. गरोदरपणात ही गोळी चालत नाही. मूल हवे असल्यास आधीच डॉक्टरांशी बोलावे. टीएनएफ शरीरात दबलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवण्याचेही काम करते. म्हणून ते रोखणारे औषध सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी आवश्यक ठरते.

प्रत्येक सूज आमवाताची नसते. चिकुनगुनियानंतर सांधे काही महिने दुखू शकतात. आदिवासी समाजात आढळणाऱ्या सिकलसेल आजारातही हाडे व सांधे ठणकतात, लहान मुलांची बोटे सुजतात. उपचार मात्र सर्वस्वी वेगळे आहेत. त्यामुळे अंदाजाने औषध न घेता डॉक्टरांकडून सांधे तपासून घ्यावेत आणि ते सांगतील त्या रक्ततपासण्या कराव्यात.

सकाळचा ताठरपणा आणि सूज सहा आठवड्यांहून अधिक टिकली, तर वाट पाहू नका. तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा आणि गरज पडल्यास सांधेविकारतज्ज्ञांकडे पाठविण्याची विनंती करा. पहिल्या काही महिन्यांतील उपचार सर्वाधिक गुण देतो. भातकापणीनंतर वीटभट्टीवर किंवा अन्य कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी पुढील औषधांची आणि रक्ततपासणीची सोय विचारून घ्यावी, केसपेपर सोबत बाळगावा. बरे वाटते म्हणून गोळी सोडली की आतले निरोप पुन्हा सुरू होतात. ज्या हातांवर घर उभे आहे, त्या हातांच्या दुखण्याची विचारपूस घरातल्या सर्वांनीच करावयास हवी.