रोलवरचा आकडा म्हणजे दर्जा नव्हे

फिल्म रोलच्या डब्यावर १००, २००, ४०० असे आकडे असतात. आकडा मोठा तेवढा रोल भारी, असा समज बराच रूढ आहे. हा आकडा दर्जाचा नसून आयएसओचा (फिल्मच्या प्रकाश-संवेदनशीलतेचा) असतो. आकडा दुप्पट झाला की निम्मा प्रकाश पुरतो.

मुगाची डाळ लवकर शिजते, कलबुर्गीची तूर उशिरा. म्हणून तूर हलकी ठरत नाही. फिल्मचेही तसेच. उलट मोठ्या आकड्याच्या फिल्मवर ग्रेन (चित्रातले रवाळ कण) सहसा जास्त दिसतो आणि ती बहुधा महागही पडते.

बिदरमधील महमूद गवानच्या मदरशाच्या (१४७२) रंगीत फरशा भर उन्हात टिपायला १०० पुरते. अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ १६ आणि शटर सेकंदाचा सव्वाशेवा भाग ठेवला, की प्रकाशमापकावाचूनही काम भागते. कलबुर्गी किल्ल्यातील जामा मशिदीचे (१३६७) अंगणही छताखाली आहे, त्यामुळे आत उजेड कमी. आतल्या कमानींसाठी मात्र ४०० सोयीची.

एका रोलमध्ये साधारण ३६ छायाचित्रे निघतात आणि त्या सगळ्यांसाठी आयएसओ एकच असतो. म्हणून आधी जागा आणि वेळ ठरवावी, मगच रोल विकत घ्यावा.