सोनेरी ड्रिल बिट खरंच जास्त टिकतं का? सुतारकामातल्या ‘कोटिंग’मागचं गणित

सोलापुरात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात जा आणि ड्रिल बिट मागा. दुकानदार दोन पर्याय पुढे ठेवतो. एक साधं, काळपट. दुसरं सोन्यासारखं चमकणारं. “हे घ्या, टायटॅनियम आहे, जास्त चालतं.” पैसेही अर्थातच जास्त.

आता हे खरंच जास्त चालतं, की नुसता रंग आहे? उत्तर आहे, दोन्ही. कसं ते बघू.

आधी, धार जाते कशानं?

लाकूड पोलादापेक्षा कितीतरी मऊ. तरी धार जाते. त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं, घासणं. सागवानात सिलिका असते, म्हणजे वाळूतलाच घटक. प्लायवूड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डमध्ये वाळून दगडासारखा झालेला गोंद असतो. वर सनमायका असेल तर विचारूच नका. हे सगळं धारेवर पॉलिश पेपरसारखं चालतं.

दुसरं, रसायन. आपल्याकडच्या शेताच्या बांधावरची बाभूळ घ्या. तिच्या सालीनं चामडं कमावतात, ते सालीतल्या टॅनिनमुळे. टॅनिन थोडंफार लाकडातही असतं. ते पोलादाला खातं. आणि कार्बाइडचे कण ज्या कोबाल्टनं एकमेकांना धरून ठेवलेले असतात, त्या कोबाल्टलाही खातं. धरणारा गेला की कण निखळतात आणि धार बोथट होते.

तिसरं, उष्णता. लाकडातून उष्णता लवकर बाहेर जात नाही, ती ब्लेडच्या दातातच साठते. त्यात डिंक आणि गोंद चिकटून दात काळे पडले की घर्षण अजून वाढतं.

मग तो सोनेरी थर काय करतो?

खरा सोनेरी थर टायटॅनियम नायट्राइडचा असतो. जाडी साधारण २ ते ४ मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज घ्या. पण कठीणपणात हा थर खालच्या पोलादाच्या दुपटीहून जास्त भरतो.

हा थर ब्रशनं लावत नाहीत. हत्यार एका बंद पेटीत ठेवून आतली हवा काढून टाकतात. विजेच्या साहाय्यानं टायटॅनियमची वाफ करतात, नायट्रोजन सोडतात आणि दोघांचा मिळून हत्यारावर थर बसतो. याला पीव्हीडी म्हणतात. हे साधारण ५०० अंशांच्या आत होतं, म्हणून पोलादाचं पाणी उतरत नाही. त्याआधीच्या पद्धतीत हजार अंशांच्या आसपास तापवावं लागायचं. ते कार्बाइडला चालायचं, पोलादाच्या ड्रिलला नाही. पीव्हीडीची सोनेरी ड्रिल १९८० च्या आसपास बाजारात आली. आज पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात हे काम करून देणारी केंद्रं आहेत.

मग लाकडावर गोची कुठे होते?

हे कोटिंग मुळात धातू कापणाऱ्या कारखान्यांसाठी आलं. धातू कापायला धार जरा जाड असली तरी चालतं. लाकडाला पातळ आणि तीक्ष्ण धार लागते. वर थर चढला की धारेचं टोक किंचित गोल होतं. शिवाय पातळ टोकावरचा थर लवकर टवकतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ब्लेडला धार लावली की घासलेल्या बाजूचा थर निघून जातो.

आता हिशोब करू. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत. साधं ब्लेड ८०० रुपयांचं, कोटिंगचं १,२०० चं. दोन्हींना पाच वेळा धार लावता येते, प्रत्येक वेळी १५० रुपये.

साधं ब्लेड: एकूण खर्च १,५५०, सहा फेऱ्या काम. एका फेरीला साधारण २५८ रुपये.

कोटिंगचं ब्लेड: पहिली फेरी दुप्पट चालली आणि नंतर थर गेला असं धरा. खर्च १,९५०, काम सात फेऱ्यांचं. एका फेरीला साधारण २७९ रुपये.

म्हणजे “दुप्पट चालतं” हे खरं असूनही सौदा तोट्याचा. थर धारेनंतरही टिकत असेल, तर मात्र गणित उलटतं. ड्रिल बिटमध्ये हे घडू शकतं, कारण धार टोकाला लागते आणि खाचेतला थर तसाच राहतो.

मग घ्यायचं काय?

सोनेरी रंगावर जाऊ नका. पोलाद कुठलं आहे ते बघा. बिटवर एचएसएस लिहिलेलं आणि बनवणाऱ्याचं नाव असावं. खाली हलकं पोलाद असेल तर वरचा थर काहीच वाचवू शकत नाही.

प्लाय आणि एमडीएफसाठी कार्बाइडचे दात असलेलं, म्हणजे टीसीटी ब्लेड घ्या. त्याच्या अंगावरचं नॉन-स्टिक कोटिंग वेगळं. ते धार वाढवत नाही, पण गोंद चिकटू देत नाही आणि गंजापासून वाचवतं. रोज शेकडो शीट कापणाऱ्या कारखान्यात हिऱ्याचे दात असलेली ब्लेड परवडतात. ती महाग असली तरी कित्येक पट चालतात.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय आपल्याच हातात आहे. मशीनचा प्लग काढा, ब्लेड सोडवा, साबणाच्या पाण्यात भिजवून नायलॉनच्या ब्रशनं गोंद काढा, कोरडं पुसा आणि तेलाचा हात फिरवा. परत बसवताना ते तेल पुसून टाका, नाहीतर लाकडाला डाग पडतील. कॉस्टिक सोडा वापरू नका. आणि ब्लेड जळका वास देईपर्यंत थांबू नका, त्याआधीच धार लावा. उशिरा लावली तर जास्त घासावं लागतं आणि दातांचं आयुष्य कमी होतं.

पुढच्या वेळी दुकानदार सोनेरी बिट पुढे करेल तेव्हा एवढंच विचारा, “धार लावल्यावर यातलं किती उरतं?”