विसराळू दुकानदार

उत्तर इंग्लंडमधल्या गेट्सहेड गावी, मे १९८४मध्ये, जेन स्नोबॉल नावाच्या ७२ वर्षांच्या आजींनी आरामखुर्चीत बसून टीव्हीचा रिमोट हातात घेतला आणि मार्गारिन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी मागवली. टेस्कोच्या दुकानातून सामान घरपोच आलं. खुब्याचं हाड मोडल्यामुळे आजींना बाजारात जाणं जमत नव्हतं. या सोयीमागचं तंत्र मायकेल आल्ड्रिच यांचं. १९७९ साली त्यांनी घरगुती टीव्ही टेलिफोनच्या तारेने दुकानाच्या कॉम्प्युटरला जोडून दाखवला होता. दर आठवड्याला वाणसामान आणायचा कंटाळा, हा विषय पत्नीबरोबर कुत्र्याला फिरवताना निघाला आणि त्यातून ही कल्पना सुचली.

ऑनलाइन खरेदीची गोष्ट बहुतेक वेळा ॲमेझॉनपासून सुरू होते. मला ती या आजींपासून सुरू करावीशी वाटते, कारण घराबाहेर पडू न शकणाऱ्या माणसाची गरज तिच्या मुळाशी आहे. आणि तेव्हा वेबचा जन्मही झालेला नव्हता.

वेब दुकानासाठी जन्मलंच नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत देशोदेशींचे शास्त्रज्ञ येत, काम करत आणि निघून जात. त्यांचे कॉम्प्युटर वेगवेगळ्या जातीचे. कुठली नोंद कुठे आहे याचा पत्ता लागत नसे. मार्च १९८९मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी यावर उपाय सुचवणारं टिपण लिहिलं. ‘मोघम, पण उत्कंठा वाढवणारं’ अशा अर्थाचा शेरा त्यावर त्यांचे वरिष्ठ माइक सेंडल यांनी मारला आणि काम करू दिलं. १९९० संपता संपता पहिला सर्व्हर सुरू झाला. ‘हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका’ अशी लाल शाईतली चिठ्ठी त्या कॉम्प्युटरवर चिकटवलेली होती. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सगळ्यांना विनामूल्य खुलं केलं. या निर्णयाइतकं उदार दान तंत्रज्ञानाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

पण शास्त्रज्ञांसाठी घडवलेल्या या व्यवस्थेची एक खोड होती. सर्व्हर मागितलेलं पान द्यायचा आणि मागणाऱ्याला तिथेच विसरायचा. संशोधनाचा कागद वाचणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही. दुकानात मात्र पंचाईत. तुम्ही एक पुस्तक टोपलीत टाकून पुढच्या पानावर गेलात, की दुकानदाराच्या लेखी तुम्ही पुन्हा अनोळखी, आणि टोपली रिकामी.

१९९४मध्ये ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीतल्या लू मोन्टुली यांच्यापुढे हा प्रश्न आला. त्यांच्या एका ग्राहक कंपनीला ऑनलाइन दुकान काढायचं होतं, पण प्रत्येकाच्या अर्धवट खरेदीची नोंद स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवायची नव्हती. मोन्टुली यांनी ओझं उलटं फिरवलं. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर आपल्याला बिल्ला मिळतो. राखणदाराला आपलं नाव ठाऊक नसतं, बिल्ला दाखवला की आपलीच जोडी हाती येते. तसंच इथे सर्व्हर एक छोटी चिठ्ठी देतो, ब्राउझर ती जपून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक वेळी दाखवतो. प्रोग्रॅमर मंडळींच्या बोलीत असल्या खुणेला आधीपासूनच ‘मॅजिक कुकी’ म्हणत. त्यातलं ‘कुकी’ टिकलं. एका दुकानाची चिठ्ठी दुसऱ्याला वाचता येऊ नये, अशी काळजीही त्यांनी घेतली होती. पुढे शेकडो संकेतस्थळांवर एकाच कंपनीच्या जाहिराती झळकू लागल्या आणि त्या जाहिरातींबरोबर तीच चिठ्ठी सगळीकडे फिरू लागली. ओळख न विचारता टोपली सांभाळणारा बिल्ला माणसाच्या मागावर राहायला वापरला गेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी उणीव गल्ल्याची. इंटरनेटवरचा मजकूर अनेक यंत्रांमधून पोस्टकार्डासारखा उघडा जातो. त्यावर क्रेडिट कार्डाचा नंबर कोण लिहील? उत्तर गणितात होतं आणि ते १९७०च्या दशकातच सापडलं होतं. दाबलं की बंद होणारं कुलूप दुकानदाराने सगळ्यांना वाटायचं आणि किल्ली फक्त स्वतःकडे ठेवायची. ११ ऑगस्ट १९९४ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या नाशुआ गावच्या नेटमार्केट या दुकानातून फिलाडेल्फियाच्या एका ग्राहकाने स्टिंग या गायकाची सीडी १२.४८ डॉलर अधिक टपालखर्च देऊन घेतली. कार्डाचा नंबर कुलूपबंद गेला. दुकान चालवणारे डॅन कोन आणि त्यांचे सोबती अगदी तरुण होते. दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये बातमी आली. मात्र यासाठी ग्राहकाला खास सॉफ्टवेअर लागे. नेटस्केपने हे कुलूप ब्राउझरमध्येच बसवलं. पान सुरक्षित असलं की अखंड किल्लीचं चित्र दिसे, नसलं की मोडलेल्या किल्लीचं. त्यानंतर १९९५च्या जुलैत ॲमेझॉन उघडलं आणि सप्टेंबरात पुढे ईबे झालेली लिलावाची जागा.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून. पण क्रेडिट कार्डं मोजक्यांकडे, आणि वस्तू न बघता पैसे द्यायची तयारी त्याहून कमी. २०१०मध्ये फ्लिपकार्टने माल हाती आल्यावर पैसे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे गाडी हलली. टपाल खात्याने हीच रीत १८७७पासून चालवलेली होती. पुस्तकाचं पुडकं घेऊन पोस्टमन दारात यायचा, त्याच्या हाती रक्कम ठेवायची आणि मगच पुडकं ताब्यात मिळायचं. मराठी वाचकांच्या घरात याला ‘व्ही. पी. सोडवणं’ म्हणत.