आडनावामागचा आवाज : मुलांना पॉडकास्ट शिकवताना

मुलांच्या हातातला मोबाईल ही आज घराघरातली तक्रार झाली आहे. अम्मी म्हणते, ‘जेवताना तरी बाजूला ठेव.’ अब्बा विचारतात, ‘अभ्यास कधी करणार?’ मोबाईल काढून घेतला की दोन-चार दिवस बरे जातात. मग शाळेच्या ग्रुपवर गृहपाठ येतो आणि मोबाईल पुन्हा मुलाकडे जातो. तो हातात राहणारच असेल, तर नुसते बघत बसण्यापेक्षा मुलांनी त्यावर काही घडवावे, एवढ्याच विचाराने आम्ही काही पालक आणि शिक्षक मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत दर रविवारी सहावी ते दहावीच्या मुलामुलींना पॉडकास्ट करायला शिकवू लागलो. आपल्या गावात, आपल्या मोहल्ल्यातही हे सहज करता येईल, म्हणून ते सविस्तर सांगत आहोत.

नाव नवे, गोष्ट जुनी

पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवर ठेवलेला कार्यक्रम. ऐकणाऱ्याने तो आपल्या सवडीने ऐकायचा. ‘आयपॉड’ आणि ‘ब्रॉडकास्ट’ हे दोन शब्द जोडून २००४ मध्ये बेन हॅमर्स्ली या ब्रिटिश पत्रकाराने ‘गार्डियन’मधल्या लेखात हा शब्द वापरला. आज त्याच कार्यक्रमाचे चित्रीकरण करून व्हिडिओ पॉडकास्टही केले जातात.

आपल्या घरांना हा प्रकार तसा परका नाही. आखातात कामाला गेलेली माणसे एकेकाळी कॅसेटमध्ये बोलून ती गावी जाणाऱ्याच्या हाती पाठवत. घरी सगळे टेपरेकॉर्डरभोवती बसून ऐकत, आणि त्याच कॅसेटवर उत्तर भरून पाठवत. लिहिता न येणारी आईही त्यात मनातले सगळे बोलू शकत असे. मुलांना आम्ही पॉडकास्टची ओळख याच कॅसेटपासून करून देतो.

विषय हजेरीतच असतो

पहिल्या दिवशी मुलांना प्रसिद्ध यूट्यूबरसारखे बोलायचे असते. ‘हाय गाईज’ने सुरुवात होते आणि अर्ध्या मिनिटात बोलणे संपते, कारण सांगायला स्वतःचे काही नसते. मग आम्ही हजेरी वाचतो : आत्तार, बागवान, तांबोळी, मणियार, शिकलगार, पिंजारी, मोमीन. आणि विचारतो, ‘तुमच्या आडनावाचं काम तुमच्या घरात शेवटचं कुणी केलं?’

अत्तर, फळे, विड्याची पाने, बांगड्या, हत्यारांची धार, कापूस, विणकाम अशी एकेक कारागिरी या आडनावांत आहे. मुलांना आडनाव ठाऊक असते, काम नसते. एका पिंजारी मुलाने कापूस पिंजायची कमान कधी पाहिलीच नव्हती. त्याच्या आजोबांनी ती माळ्यावर ठेवली होती. त्यांनी ती उतरवून तातीवर ठोका दिला आणि तो टणत्कार मोबाईलमध्ये भरला गेला. गावोगाव गाद्या भरणारे आले की गल्लीला जो आवाज कळायचा, तो हाच.

मिरजेचे उदाहरणही आम्ही सांगतो. हत्यारे घडवणाऱ्या आणि त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले कारागीर एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले, आणि पुढे काहींचे आडनावच सतारमेकर झाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. काम बदलले की आडनाव कसे बदलते, हे मुलांना यातून कळते. मग ती घरी जाऊन आपल्या आडनावाविषयी विचारू लागतात.

प्रश्न कसा विचारायचा

खरी मेहनत इथे आहे. ‘तुम्हाला काम आवडायचं का?’ असे मूल विचारते. आजोबा ‘हो’ म्हणतात आणि गप्प बसतात. तोच प्रश्न असा विचारला की बोलणे सुरू होते : ‘सकाळी निघताना खांद्यावर काय काय असायचं? पहिल्या दिवशी किती पैसे मिळाले? ते कुणाच्या हातात दिले?’ ज्याचे उत्तर हो किंवा नाही असे येईल तो प्रश्न वहीतून खोडायचा, हा आमचा पहिला नियम.

दुसरा नियम : उत्तर संपले असे वाटले तरी मनातल्या मनात पाच अंक मोजायचे. वडीलधारी माणसे थांबून बोलतात. मुलाने घाईने पुढचा प्रश्न टाकला, तर ओठांवर आलेली गोष्ट परत जाते.

अमेरिकेत ‘स्टोरीकोर’ नावाचा उपक्रम २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातल्या एका छोट्या खोलीतून सुरू झाला. एकमेकांच्या ओळखीची दोन माणसे या उपक्रमात सुमारे ४० मिनिटे बोलतात. आई-मुलगा, नवरा-बायको, जुने मित्र. एक प्रत ती घरी नेतात आणि त्यांच्या संमतीने दुसरी प्रत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन होते. साध्या माणसाचे बोलणेही राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवण्याच्या योग्यतेचे असते, हे ऐकून मुले आपल्या दादीकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

दादीची भाषा

आपल्या अनेक मुलांच्या कानावर शाळेत मराठी, घरात दखनी किंवा कोकणी, आणि मदरशात उर्दू-अरबी पडते. एक मुलगी म्हणाली, ‘आमची दादी नीट बोलत नाही. तिचं मी मराठीत करून सांगते.’ तिने तसे केले आणि पाठ्यपुस्तकातला धडा वाचल्यासारखे झाले. नंतर दादीचे मूळ बोलणे लावले, ‘क्या बताऊं बेटा, वो दिनां अलग थे’, तेव्हा वर्गातली सगळी मुले मान वर करून ऐकू लागली.

तेव्हापासून पद्धत ठरली. निवेदन मराठीत. दादी जशी बोलते तशीच राहील, आणि अडेल तिथे निवेदक एका वाक्यात अर्थ सांगेल. शाळेत मुले ज्या बोलीची लाज बाळगतात, तीच या कार्यक्रमाची दौलत ठरते. ही लाज दूर झाली नाही, तर पुढच्या पिढीत ती बोली बोलणाराच उरणार नाही.

ऐकलेले सगळे खरे धरायचे नाही

आजोबांना वर्ष चुकीचे आठवू शकते. दोन चुलते एकाच घटनेचे दोन किस्से सांगतात. म्हणून मुलांच्या वहीत दोन रकाने असतात : ‘कोण म्हणाले’ आणि ‘आणखी कुठून कळले’. मग मुले जुना रेशनकार्डाचा कागद, शाळेचा दाखला, दुकानाची पावती शोधून काढतात. मेळ बसला नाही तर निवेदनात सरळ सांगायचे, ‘दादांना असे आठवते, चाचा असे सांगतात.’

हे आपल्या मुलांना समजावणे अवघड जात नाही. हदीसच्या परंपरेत ‘कोणी कोणाकडून ऐकले’ ही साखळी पाहिल्याशिवाय कथन स्वीकारले जात नाही, आणि बातमी आली की शहानिशा करा, ही सूरह हुजुरातची ताकीद त्यांनी मदरशात ऐकलेली असते. हे शिकलेले मूल व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर पुढे ढकलण्याआधी ‘हे कुणी सांगितलं?’ असे विचारते. घरातल्या मोठ्यांनाही विचारते!

रेकॉर्डिंगची घरगुती तयारी

महागडा माइक लागत नाही. साधा मोबाईल आणि वायरचा इअरफोन पुरतो. एवढे सांभाळावे :

• पंखा बंद, मोबाईल एरोप्लेन मोडवर, कुकर आधीच उतरवलेला. अजानची वेळ पाहून बसावे, म्हणजे मध्येच थांबावे लागत नाही.

• रिकाम्या, फरशीच्या खोलीत आवाज घुमतो. गाद्या, रजया, कपड्यांचे कपाट असलेली खोली उत्तम.

• मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’ म्हणताना फटका बसतो.

• आधी अर्धा मिनिट भरून इअरफोनवर ऐकावे, मगच सुरुवात करावी.

• शेवटी कुणी न बोलता अर्धा मिनिट खोलीची शांतता भरून घ्यावी. काटछाट करताना ती जोडायला उपयोगी पडते.

काटछाटीसाठी संगणकावर ‘ऑडासिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. वीस मिनिटांच्या बोलण्यातून पाच मिनिटे निवडताना मुले ‘काय महत्त्वाचे’ हे ठरवायला शिकतात. मात्र माणसाच्या बोलण्याचा अर्थ बदलेल असा तुकडा कापायचा नाही. पार्श्वभूमीला सिनेमातले गाणे लावू नये, कारण त्यावर हक्कसांगणी होते. पिंजाऱ्याच्या कमानीचा किंवा बांगड्यांचा आवाज त्याहून चांगला लागतो.

मूळ रेकॉर्डिंग कधीही पुसू नये. वर्गातल्या एका मुलाची नानी पुढे अल्लाहला प्यारी झाली. तेव्हा घरच्यांनी आमच्याकडे सजवलेली पाच मिनिटे मागितली नाहीत. मधले खोकणे, हसणे, ‘चाय पी’ म्हणणे, सगळ्यासकट पूर्ण रेकॉर्डिंग मागितले.

चित्र कधी जोडावे

आम्ही आधी आवाज शिकवतो, चित्र नंतर. एक कारण खर्चाचे. एका मिनिटाच्या आवाजाला साधारण १ एमबी लागते, तर चांगला व्हिडिओ मिनिटाला १०० एमबीच्या घरात जाऊ शकतो. दुसरे कारण, कॅमेरा दिसला की मुले प्रश्न विसरून केस नीट करू लागतात.

पण बांगड्यांची दुरुस्ती किंवा सतारीची जवारी दाखवायची तर चित्र हवेच. मोबाईल आडवा धरून पुस्तकांच्या थप्पीवर टेकवावा, खिडकीचा उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर घ्यावा. दोन मोबाईल वापरले तर सुरुवातीला एक टाळी वाजवावी, म्हणजे नंतर आवाज आणि चित्र जुळवता येते. चेहरा दिसायलाच हवा असे नाही. नुसते काम करणारे हात पुरतात. काही घरांत मुलीचा चेहरा नेटवर नको असतो. तिथे ती प्रश्न लिहिते, निवेदन करते, संपादन करते. श्रेयनामावलीत तिचे नाव कसे द्यायचे, हे ती आणि तिचे आईवडील ठरवतात. एवढ्या कारणावरून मुलीला घरी बसवू नये, ही आमची पालकांना कळकळीची विनंती आहे.

नेटवर टाकण्यापूर्वी

प्रत्येक कार्यक्रम नेटवर गेलाच पाहिजे असेही नाही. १३ वर्षांखालच्या मुलांना यूट्यूबवर स्वतःचे चॅनल उघडता येत नाही, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानतो. म्हणून खाते पालकाचे किंवा शिक्षकाचे असावे. शाळेचे नाव, घरचा पत्ता, फोन नंबर बोलण्यात येऊ देऊ नये. आपल्या मुलांच्या नावावरूनच वाईट बोलणारे नेटवर भेटतात, त्यामुळे अभिप्राय बंद ठेवावेत किंवा फक्त लिंक असलेल्यालाच दिसेल अशी सोय निवडावी. ज्यांची मुलाखत घेतली त्यांना आधी ऐकवावे. त्यांनी ‘हे काढ’ म्हटले, तर ते निघाले पाहिजे.

आपण काय करावे

येत्या सुट्टीत घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ मुलाला वीस मिनिटे बसवा. पाच प्रश्न आधी वहीत लिहायला लावा. पहिला प्रश्न आडनावाचा असू द्या. रेकॉर्डिंग दोन ठिकाणी जपून ठेवा, त्यावर तारीख आणि नाव घाला, आणि रात्री जेवणानंतर सगळ्यांनी मिळून ऐका. तेवढा वेळ घरातला एकच मोबाईल चालू असेल, आणि त्यावर दादा बोलत असतील.