खालची दिशा : सिगालोवाद सुत्त आणि श्रमिकांचा सन्मान

राजगृहाच्या वेळुवनात विहार करीत असताना तथागतांना एके सकाळी सिगाल नावाचा गृहपतिपुत्र दिसला. ओल्या वस्त्रांनिशी, हात जोडून तो सहा दिशांना नमस्कार करीत होता. मृत पित्याची तशी आज्ञा होती. तथागतांनी त्याच्या श्रद्धेची हेटाळणी केली नाही. त्यांनी दिशांचा अर्थच बदलला. माता-पिता ही पूर्व दिशा, आचार्य दक्षिण, पत्नी व मुले पश्चिम, मित्र उत्तर, दास व कामकरी खालची आणि श्रमण-ब्राह्मण वरची दिशा. दीघनिकायातील हे सुत्त गृहस्थांचा विनय मानले जाते.

‘खालची दिशा’ हा शब्द आपल्याला खटकतो, आणि तो खटकावा. त्या काळी दासप्रथा होती आणि सुत्तातही ‘दास’ हा शब्द आहे, हे लपविण्याचे कारण नाही. तथापि राबणाऱ्या माणसाला तथागतांनी वंदनीय दिशांमध्ये स्थान दिले, हेही तितकेच खरे आहे. त्याच्याविषयी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्तीनुसार काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, उत्तम पदार्थ वाटून खाणे आणि वेळच्या वेळी विसावा देणे. अट्ठकथेत याचा खुलासा आहे : तरुणाचे काम वृद्धाला सांगू नये, आणि दिवसभर राबल्याने माणूस थकतो म्हणून वेळ ओळखून त्याला मोकळे करावे. या कर्तव्यांनंतरच कामकऱ्याने मालकासाठी काय करावे, हे येते. सुरुवात ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्यापासून आहे.

विनयपिटकाच्या महावग्गातील एक प्रसंग येथे आठवतो. अतिसाराने पीडित एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. कोणी सेवा का करीत नाही, असे विचारता तो म्हणाला की, मी इतरांच्या काही उपयोगाचा नाही. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले आणि दोघांनी उचलून मंचकावर निजविले. माणसाची किंमत त्याच्या उपयोगावर ठरत नाही, ही शिकवण संघप्रमुखाने आपल्या हातांनी दिली.

या कर्तव्यांचा विसर पडला म्हणजे काय होते, हे आमच्या यवतमाळ जिल्ह्याने २०१७ साली पाहिले. कपाशीवर कीटकनाशके फवारताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जण दगावले. पऱ्हाटी माणसाच्या उंचीला पोचली होती, त्यामुळे फवारा अंगावर येत होता. अनेकांकडे हातमोजे वा मुखपट्टी नव्हती. फवारणी करणाऱ्यास संरक्षक वस्त्रे मिळावीत, असे १९७१ च्या कीटकनाशक नियमांत लिहिलेले होते. परंतु नियम बांधापर्यंत पोचला नाही. दोष एकट्या शेतमालकाचा नव्हता. तोही अनेकदा स्वतःच पंप पाठीवर घेणारा लहान शेतकरी होता. औषध बनविणारा, विकणारा, देखरेख करणारा अधिकारी, प्रत्येकाच्या खाली एक दिशा होती. तिकडे पाहिले गेले नाही.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे कर्तव्य मालकाच्या दयेवर सोडले नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती आणि किमान वेतनाचे विधेयक त्यांच्याच कारकिर्दीत आले. विसावा आणि वेतन ही सुत्तातील कर्तव्ये येथे श्रमिकांचे हक्क झाली. पुढे १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी मालक व सेवक यांच्या विनयालाही स्थान दिले.

आता प्रश्न आपला आहे. ज्यांचे आजोबा सालगडी होते, त्यांच्यापैकी कित्येक जण आज अधिकारी, मुख्याध्यापक, संस्थाचालक आहेत. आपल्या कार्यालयातील शिपायाला आपण कोणत्या शब्दाने हाक मारतो? घरी भांडी घासणाऱ्या बाईंना आजारपणाची रजा पगारी असते काय? विहार झाडणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय? वंदना म्हणताना जोडलेले हात खालच्या दिशेकडेही वळले पाहिजेत. सिगालाला तथागतांनी शिकविले ते हेच, असे आम्हांस वाटते.